वीसांपैकीं वीस

आमच्याकडील शिक्षकवर्ग सध्यां संतापलेला आहे, आणि त्याचा संताप बव्हंशीं रास्त आहे, हें आम्ही आरंभींच सांगून टाकितों. १ सप्टेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, पहिली ते आठवी या वर्गांना शिकविणाऱ्या व सेवेंत असलेल्या शिक्षकांनीं शिक्षक पात्रता परीक्षा दोन वर्षांच्या आंत उत्तीर्ण केलीच पाहिजे; ज्यांची सेवा पांच वर्षांहून कमी उरली असेल त्यांची नोकरी राहील, पण बढतीची इच्छा असल्यास त्यांचीही या परीक्षेंतून सुटका नाहीं. या निर्णयानंतर नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील ज्या ज्या शिक्षकांशीं बोलण्याचा प्रसंग आम्हांला आला, त्या सर्वांनीं थोड्याफार फरकानें एकच गाऱ्हाणें आमच्यापुढें मांडलें. कंधारकडील एका वयस्क गुरुजींचे शब्द आमच्या विशेष लक्षांत राहिले आहेत. ते म्हणाले, "सर, पंचवीस वर्षें मीं पोरें शिकविलीं. ऊसतोडीला आईबापांमागें जाणारें पोर गांवांत आजीपाशीं ठेवा म्हणून दरसाल दिवाळीच्या सुमारास किती घरांचे उंबरे झिजविले, तें या दीडशें प्रश्नांपैकीं कोणत्या प्रश्नांत विचारणार आहेत?"

या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि दीडशें गुणांच्या कोणत्याही कागदापाशीं तें असणें शक्य नाहीं. परंतु गुरुजींचा निरोप घेऊन आम्ही शाळेच्या फाटकाबाहेर पडलों, तों भिंतीवर लावलेला एक भलामोठा रंगीत फलक आमच्या दृष्टीस पडला. शिष्यवृत्ती आणि नवोदय या परीक्षांत चमकलेल्या मुलांचीं छायाचित्रें त्यावर ओळीनें छापलेलीं होतीं. प्रत्येकाच्या हनुवटीखालीं त्याचे गुण, आणि अगदीं तळाशीं मार्गदर्शक म्हणून आमच्या गुरुजींचें नांव. ज्या मुलाला गुरुजींनीं उसाच्या फडावर जाण्यापासून अडवून शाळेंत बसविलें होतें, तें मूल त्या फलकावर नव्हतें.

आमचा वाद आहे तो येथें. परीक्षा असावी कीं नसावी, हा प्रश्न आम्हांला चघळावयाचा नाहीं. तो कॉलेजांतील वादविवाद-मंडळांना लखलाभ असो. आम्ही स्वतः आजवर उत्तरपत्रिकांचे ढीग उपसले आहेत, आणि परीक्षेवांचून विद्यार्थ्याला स्वतःच्या अज्ञानाचा पत्ता लागत नाहीं, हें आम्हांला अनुभवानें ठाऊक आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, माणसाची लायकी एका कागदावर ठरवूं नये, हा जो न्याय शिक्षक आज स्वतःसाठीं मागत आहे, तो त्यानें आधीं आपल्या वर्गांत लावून दाखवावा. आणि तो त्याला लावतां येईल अशी व्यवस्था शाळेंत ठेवणें हें मुख्याध्यापकाचें काम आहे. शासनाचें नव्हे, न्यायालयाचें नव्हे. हें काम आमच्या मुख्याध्यापकांनीं व प्राचार्यांनीं सोडून दिलें आहे, असा आमचा आरोप आहे. आणि परीक्षांच्या संदर्भांत ज्या दोन जिल्ह्यांचीं नांवें महाराष्ट्रभर घेतलीं जातात, त्या जिल्ह्यांचाच पुरावा आम्ही त्यासाठीं पुढें करणार आहों.

लातूरचें नांव घेतलें कीं 'लातूर पॅटर्न' हा शब्द आपोआप जिभेवर येतो. राजर्षि शाहू महाविद्यालय लातुरांत १९७० सालीं निघालें. त्याचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे हे इंग्रजी वाङ्मयाचे प्राध्यापक, अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा मराठी वाचकांना परिचय करून देणारे अभ्यासक, आणि पुढें १९९४ सालीं नांदेड येथें स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरु. त्या महाविद्यालयांत १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जी पद्धत रुजली, आणि जिच्याशीं प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांचें नांव कायमचें जोडलें गेलें, तिच्यांत जादू म्हणून कांहीं नव्हती. अभ्यासक्रम लौकर संपवावयाचा. मग सराव परीक्षांमागून सराव परीक्षा घ्यावयाच्या. उत्तरपत्रिका तपासून मुलाच्या हातीं परत द्यावयाच्या, आणि चूक कोठें झाली तें त्याला समोर बसवून दाखवावयाचें. सुट्टीच्या दिवशींही वर्ग उघडे ठेवावयाचे. हें सर्व करणारे शिक्षक त्याच महाविद्यालयाचे होते.

पुण्यामुंबईच्या विद्वानांनीं या पद्धतीला घोकंपट्टी, पोपटपंची, गुणांचा कारखाना अशीं नांवें ठेविलीं. त्यांत थोडें तथ्य होतें आणि पुष्कळसा मत्सर होता. बोर्डाच्या गुणवत्ता यादींत वर्षानुवर्षें आपल्याच पेठांतील शाळांचीं नांवें वाचण्याची ज्यांना संवय, त्यांना औसा, निलंगा, अहमदपूर येथून आलेलीं नांवें वाचतांना ठसका लागणें स्वाभाविक होतें. ज्या जिल्ह्यांत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या आसपासचीं गांवें भुईसपाट झालीं, ज्या शहराला २०१६ च्या एप्रिलमध्यें मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें, तेथील शेतकऱ्यांचीं मुलें डॉक्टर झालीं, हें या पद्धतीचें श्रेय आम्ही कोणालाही हिरावूं देणार नाहीं. वैद्यकीय प्रवेशांत महाराष्ट्रांत सत्तर-तीसची विभागवार वांटणी होती. मराठवाड्यांत वैद्यकीय महाविद्यालयें थोडीं, तेव्हां त्या वांटणीनें येथील मुलांचें नुकसानच होई. ती सप्टेंबर २०२० मध्यें रद्द झाली. मागासलेपणाची सवलत मागण्याची ज्याची ख्याति, तो प्रदेश 'आम्हांला सर्वांच्या रांगेंत उभें करा' म्हणून भांडला आणि जिंकला. ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु या पद्धतीचे भाट आणि तिचे निंदक या दोघांच्याही नजरेंतून एक गोष्ट निसटली. त्या मूळ पद्धतींत परीक्षा शिक्षकाची होती. जो शिकवी तोच प्रश्न काढी, तोच तपाशी, आणि कोणता मुलगा कोठें अडखळला हें त्यालाच ठाऊक असे. अखेरची परीक्षा बोर्डाची असली, तरी तिच्यापूर्वींच्या शंभर परीक्षा शिक्षकाच्या हातांतील, वैद्यानें नाडी पाहावी तशा होत्या. आणि हे वैद्य नीट काम करितात कीं नाहीं, हें पाहणारा प्राचार्य त्याच इमारतींत बसत असे.

हें सगळें २०१६ नंतर उलटें झालें. लातुरांत पाण्याची आगगाडी आली त्याच एप्रिल महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानें वैद्यकीय प्रवेशासाठीं देशभर एकच 'नीट' परीक्षा घेण्याचा आदेश दिला; महाराष्ट्राला त्या वर्षापुरती सवड मिळाली, पण पुढील वर्षापासून राज्याची सीईटी वैद्यकीयपुरती संपली. १८० प्रश्न, ७२० गुण, चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा, आणि आधार दिल्लीच्या पाठ्यपुस्तकांचा. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर ज्यांनीं आयुष्य घातलें त्या शिक्षकांची विद्या एका उन्हाळ्यांत जुनी ठरली. अशा वेळीं प्राचार्यांनीं शिक्षकांना एकत्र बसवून, 'चला, आपण हें नवें शिकूं,' असें म्हणावयाचें होतें. कांहींनीं तसें म्हटलेंही. पण बहुतेकांनीं सोपा मार्ग धरिला. परीक्षा शिकवणीवर्गांच्या हवालीं केली, आणि महाविद्यालयाच्या हातीं उरला तो हजेरीपट. आज लातुरांतील शिकवणीवर्गांचा परिसर किंवा नांदेडांतील भाग्यनगर-श्यामनगरचे रस्ते सकाळीं सहा वाजतां पाहावे: पाठीवर दप्तर टाकलेल्या मुलामुलींचे लोंढे खोलीवरून क्लासकडे, क्लासवरून खानावळीकडे, खानावळींतून अभ्यासिकेकडे वाहत असतात. ज्या संस्थेंत या मुलांचीं नांवें दाखल आहेत ती संस्था या वाटेवर बहुधा लागत नाहीं. २०१८ सालीं राज्य शासनानें कनिष्ठ महाविद्यालयांच्या विज्ञानशाखेंत बायोमेट्रिक यंत्रावर हजेरी घेण्याचा आदेश काढला. विद्यार्थी आपल्या वर्गांत बसला आहे हें ज्या प्राचार्याला अंगठ्याच्या ठशानें सिद्ध करावें लागतें, त्याच्या अधिकाराविषयीं अधिक बोलण्यांत अर्थ नाहीं.

याचीं फळें काय आलीं तीं सर्वांच्या समोर आहेत. त्याच २०१८ च्या जूनमध्यें लातुरांत एका शिकवणीवर्गाच्या चालकाचा गोळ्या घालून खून झाला, आणि तपासांत धंद्यांतील स्पर्धेचें कारण पुढें आलें. २०२४ च्या जूनमध्यें नीटच्या गैरव्यवहाराच्या संशयावरून लातुरांत जो गुन्हा नोंदला गेला, त्यांत दोन शाळाशिक्षकांचीं नांवें होतीं. न्यायालयांत काय ठरावयाचें तें ठरो. पण शिक्षकाचें नांव या प्रकरणांत ऐकून लातुरांत कोणाला मोठें आश्चर्य वाटलें नाहीं, हीच आम्हांला अधिक भयंकर गोष्ट वाटते.

यांत नवें असें कांहीं नाहीं. इंग्लंडांत १८६२ सालीं रॉबर्ट लो यानें प्राथमिक शाळांचें अनुदान मुलांच्या परीक्षेला बांधून टाकिलें. वाचन, लेखन व अंकगणित या तीन विषयांत तपासनीसापुढें मूल परीक्षा देई, आणि ज्या विषयांत तें नापास होई त्या प्रत्येक विषयामागें शाळेचे दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. मॅथ्यू आर्नल्ड हा कवि व टीकाकार म्हणून आपणांस परिचित आहे. पण पस्तीस वर्षें तो शाळा-तपासनीस होता, आणि या पद्धतीवर त्यानें आपल्या सरकारी अहवालांतूनच झोड उठविली. त्याचें निरीक्षण असें कीं, मूल नेमलेलें पुस्तक जवळजवळ तोंडपाठ करून वाचनाच्या परीक्षेंत पास होऊं शकतें, आणि तरीही त्याला वाचतां येत असेलच असें नाहीं. ती पद्धत मोडीत काढण्यास इंग्लंडला एकोणिसावें शतक संपत आणावें लागलें. आमच्याकडे शिलिंगांऐवजीं फलक आले, आणि आर्नल्डच्या जागीं शिक्षणाधिकारी आले. आपल्याच खात्यावर अहवालांतून झोड उठविणारा शिक्षणाधिकारी अद्याप आमच्या पाहण्यांत नाहीं.

वरच्या अभ्यासक्रमांविषयीं येथेंच दोन शब्द सांगितले पाहिजेत. हुशार मुलाला त्याच्या इयत्तेच्या पुढचें शिकवावें, याला कोणता शिक्षक नाहीं म्हणेल? पण 'फाउंडेशन' या नांवाखालीं आठवीच्या मुलाला अकरावीचें रसायनशास्त्र पाजण्याचा जो उद्योग चालतो, त्यांत पुढचें कांहीं नसून फक्त आधींचें असतें. मूल खोल जात नाहीं. फक्त लौकर जातें. केंद्र सरकारनें जानेवारी २०२४ मध्यें सोळा वर्षांखालील मुलांना शिकवणीवर्गांनीं दाखल करूं नये अशी मार्गदर्शक सूचना काढली, पण आठवी-नववीच्या जाहिराती त्यामुळें उतरल्याचें आम्हांला दिसलें नाहीं. लातुरांत कनिष्ठ महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकविणारे आमचे एक स्नेही आहेत. त्यांनीं आपल्या प्रयोगशाळेचें कपाट आम्हांला उघडून दाखविलें. व्हर्नियर कॅलिपरच्या नव्या पेट्यांवरचा प्लास्टिकचा कागदही निघालेला नव्हता. "पेंडुलमचीं आंदोलनें मोजावयाला मुलगा तास घालवील, तर तो तेवढ्यांत चाळीस प्रश्न सोडवील, असें पालक मला तोंडावर सांगतात," ते म्हणाले, "आणि खरें सांगूं? चाळीस प्रश्नांचा हिशेब बरोबर आहे." विज्ञानाच्या मुलाला बारावीस मराठीऐवजीं माहिती तंत्रज्ञान घेण्याची सोय झाली, तीही अशाच हिशेबानें वापरली जाते. मग तींच मुलें पदवीच्या वर्गांत आमच्यापुढें येतात, आणि आम्ही फळ्याकडे वळण्यापूर्वींच प्रश्न येतो: सर, हें परीक्षेला आहे का?

असो. या लेखाला आम्हीं जें नांव दिलें आहे त्याकडे आतां वळतों, कारण शिक्षकवर्गाशीं आमचें खरें भांडण तेथें आहे. दहावीच्या परीक्षेंत विषयाला शंभर गुण. पैकीं ८० लेखी परीक्षेचे, आणि २० शाळेच्या हातांतले. तोंडी परीक्षा, गृहपाठ, प्रयोग, वर्षभराचें काम, जें कागदावर उतरत नाहीं तें सर्व पाहून शिक्षकानें हे वीस गुण द्यावेत अशी योजना. म्हणजे गुरुजींचें जें गाऱ्हाणें आहे, कीं माणसांतलें जें खरें तें प्रश्नपत्रिकेंत मावत नाहीं, त्याच गाऱ्हाण्याला दिलेलें हें उत्तर होतें. समाजानें शिक्षकाला सांगितलें: शंभरांतला पांचवा हिस्सा तुझ्या विवेकावर सोडला. शिक्षकानें त्या विवेकाचें काय केलें? वीसांपैकीं वीस. ज्यानें प्रयोगवही स्वतः लिहिली त्यालाही वीस. ज्यानें शेजाऱ्याची उतरविली त्यालाही वीस. ज्याचें तोंड वर्षभर शाळेनें पाहिलें नाहीं त्यालाही एकोणीस. पस्तीस गुणांना उत्तीर्ण, पैकीं वीस आधींच पदरांत, म्हणजे ८० पैकीं अवघे १५ मिळविले कीं मुलगा पार. बारावीच्या प्रयोगपरीक्षेच्या तीस गुणांची कथा निराळी नाहीं. बाह्य परीक्षक म्हणून आम्हीं एकदां एका ठिकाणीं एका मुलाला तिसांपैकीं सोळा गुण लिहिले, तेव्हां चहाची बशी पुढें सरकवीत आम्हांला अत्यंत नम्रपणें विचारण्यांत आलें कीं, त्या मुलाचा आपल्याशीं कांहीं पूर्वीचा वाद आहे काय?

ज्यानें आपल्या हातांतले वीस गुण न उघडतां परत केले, त्याच्या निर्णयावर शासनानें विश्वास ठेवावा तरी कसा? शिक्षक पात्रता परीक्षा आम्हांला मान्य नाहीं. पण ती ज्या अविश्वासांतून जन्माला आली तो अविश्वास आभाळांतून पडलेला नाहीं.

यावर शिक्षक म्हणतील, आणि म्हणतातही, कीं आम्हीं एकट्यानें खरे गुण दिले तर शेजारच्या शाळेचीं मुलें पुढें जातील आणि आमचीं मागें राहतील. आमच्या मुलांनीं आमच्या सचोटीची किंमत कां द्यावी? हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच आम्ही शिक्षकावर थांबत नाहीं, मुख्याध्यापकाकडे जातों. एका शिक्षकाला जें जमत नाहीं तें तालुक्यांतल्या पंधरा-वीस मुख्याध्यापकांना एका टेबलाभोंवतीं बसून जमण्यासारखें आहे. एकमेकांच्या शाळेंतील प्रयोगवह्या पाहाव्यात, एकमेकांच्या मुलांची तोंडी परीक्षा घ्यावी, आणि सर्वांनीं मिळून एकच माप लावावें. यासाठीं शासननिर्णय लागत नाहीं, निधि लागत नाहीं; जुन्या बाजारांत मापारी असे त्याच्याइतकी लाज मात्र लागते.

ती लाज किती उरली आहे याचा दाखला नांदेडनें दिलेला आहे. २०१० च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनीं तेथें कॉपीमुक्तीची मोहीम चालविली. परीक्षाकेंद्रांभोंवतीं बंदोबस्त बसला, भिंतीवर चढून चिठ्ठ्या टाकणारे काके-मामे पांगले, निकाल घसरले, आणि 'नांदेड पॅटर्न' असें नांव त्या मोहिमेला मिळालें. पुढें पटावरचीं मुलें खरोखर वर्गांत आहेत काय याची मोजदादही नांदेडांत सुरू झाली, आणि ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत तीच पटपडताळणी राज्यभर झाली. त्या अधिकाऱ्याचें कौतुक सर्वांनीं केलें आणि आम्हींही केलें. पण त्या कौतुकाच्या गर्दींत एक प्रश्न कोणी विचारला नाहीं: जिल्हाधिकाऱ्याला शाळेच्या खिडकीपाशीं उभें राहावें लागतें, तेव्हां मुख्याध्यापक कोठें असतो? कॉपी थांबविणें आणि खोटीं नांवें पटावरून काढणें हीं महसूल खात्याचीं कामें झालीं, याचा अर्थ शाळेला धनी नव्हता. त्या मोहिमेनें परीक्षा स्वच्छ केली. शाळेच्या कारभाराला मात्र तिनें हात लाविला नाहीं, आणि तो लावणें जिल्हाधिकाऱ्याचें कामही नव्हे.

मुख्याध्यापकांची अडचण आम्हांला ठाऊक नाहीं असें नाहीं. खासगी अनुदानित शाळांत ही जागा सेवाज्येष्ठतेनें मिळते; म्हणजे जो सर्वांत अधिक काळ टिकला तो खुर्चीवर बसतो, आणि बसतांक्षणीं शिकविणें सोडतो. यूडायसचे तक्ते, सरलच्या नोंदी, पोषण आहारांतल्या तांदळाचा हिशेब, निवडणुकीचीं कामें, आणि या सर्वांवर संस्थेच्या अध्यक्षांचा फोन, कीं यंदा फलकावर फोटो कमी कां? या गराड्यांत तो माणूस कारकून झाला तर त्यांत नवल काय! तरी पण आम्ही त्याला सोडणार नाहीं. याच मराठवाड्यांत स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि निजामी अमलांत त्यांना आजच्याहून अधिक मोकळीक होती असें कोणी म्हणणार नाहीं.

नांदेडचें आणखी एक उदाहरण देतों. नरहर कुरुंदकर हे कॉलेजच्या परीक्षेंत नापास झालेले गृहस्थ. शाळेंत शिक्षक म्हणून नोकरी करीत करीत त्यांनीं पुढच्या पदव्या घेतल्या, पीपल्स कॉलेजांत प्राध्यापक झाले, आणि अखेर तेथेंच प्राचार्य. १० फेब्रुवारी १९८२ रोजीं त्यांचें निधन झालें तेंही औरंगाबादेंत व्यासपीठावर. मराठी समीक्षेंत आणि राजकीय विचारांत या माणसानें काय केलें, हें या मासिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाहीं. आज असा एखादा तरुण नांदेडच्या शाळेंत नोकरीसाठीं आला, तर त्याचें पहिल्याच पायरीवर काय होईल? आणि तो कसाबसा आंत शिरलाच, तर त्याच्यांत काय आहे हें ओळखून त्याला वर्ग देणारा मुख्याध्यापक त्याला कोठें भेटेल? नापास झालेल्या तरुणांतला शिक्षक ओळखणारे लोक त्या वेळच्या नांदेडांत होते, ही गोष्ट कुरुंदकरांच्या कर्तृत्वाइतकीच आम्हांला महत्त्वाची वाटते. कोणत्याही प्रश्नपत्रिकेनें ती ओळख करून दिली नव्हती. ती माणसांनीं स्वतःच्या जबाबदारीवर केली.

गुरुजींची आमची परवां पुन्हां भेट झाली. पात्रता परीक्षेचा अर्ज त्यांनीं भरला होता आणि मुलाच्या वयाच्या उमेदवारांशेजारीं बसून पेपरही दिला होता. बालमानसशास्त्राचे प्रश्न सोपे गेले, गणितानें घाम काढला, म्हणाले. आम्हीं त्यांच्याजवळ फलकाची गोष्ट काढिली, आणि उसाच्या फडावर न गेलेल्या त्या मुलाचा फोटो त्यावर कां नाहीं, असें विचारलें. गुरुजी प्रथम हंसले. मग कांहीं वेळ गप्प राहून म्हणाले, "लावतों कीं, सर. पण त्याच्या हनुवटीखालीं काय लिहूं?"